स्वीय सहायकाची वही कोणाची?

आमदारांच्या संपर्क कार्यालयात एक लांबट, लाल कापडी पाठीची वही असते. कुणी तिला आवक रजिस्टर म्हणते, कुणी बारनिशी, आणि गावाकडून आलेली माणसे नुसतेच ‘बुक’ म्हणतात. रकाने पट्टीने आखलेले असतात. अनुक्रमांक, तारीख, अर्जदाराचे नाव, गाव, कामाचे स्वरूप, कोणाला पत्र दिले, जावक क्रमांक, आणि उरलेल्या जागेत शेरा. २००३ ते २०१४ अशी अकरा वर्षे मी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात आमदारांचा स्वीय सहायक होतो. ही वही मीच लिहीत होतो.

खरी वही म्हणजे तो शेवटचा रकाना. ‘तहसीलदारांना फोन केला.’ ‘पुन्हा फोन.’ ‘साहेब स्वतः बोलले.’ ‘नियमात बसत नाही, समजावून सांगितले.’ २००६ सालच्या वहीत श्रावणबाळ योजनेसाठी आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नावापुढे माझ्या अक्षरात चार शेरे आहेत. पहिला जूनमधला, वयाचा दाखला नाही. दुसरा ऑगस्टमधला, दाखला जोडून प्रकरण तहसीलला दिले. तिसरा डिसेंबरमधला, समितीची बैठकच झाली नाही. चौथा पुढच्या मार्चमधला आणि एकाच शब्दाचा, मयत. सरकारी दप्तरात ते प्रकरण ‘अर्जदार मयत, सबब निकाली’ एवढ्या एका ओळीत मिटले असणार. मधले नऊ महिने कुठे गेले, ते फक्त आमच्या वहीत आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये निकाल लागला, साहेब पडले. महिनाअखेर गाळा रिकामा करायचा होता. संगणक साहेबांच्या घरी गेला, खुर्च्या कार्यकर्त्यांनी नेल्या. कागद मात्र कुणालाच नको होता. अकरा वर्षांच्या वह्या, पत्रांच्या कार्यालयीन प्रती, निवेदने, विकासनिधीच्या कामांच्या याद्या, अधिवेशनात मांडलेल्या प्रश्नांची कच्ची टिपणे, असे सगळे मिळून चौदा पोती भरली. हे जमा कुठे करायचे, असे मी तीन ठिकाणी विचारले. तिन्हीकडे माझ्याकडे आश्चर्याने पाहिले गेले, कारण जमा करण्याची सोय नव्हती, आणि सोय असायला हवी असे कुणाच्या मनातही कधी आले नव्हते. बारा पोती रद्दीत गेली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तो कागद विकण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला होता? तो साहेबांचा नव्हता, पक्षाचा नव्हता, माझाही नव्हता. लोकांनी आमदार या पदाकडे दिलेले अर्ज होते ते, आणि त्या पदाच्या अधिकारात लिहिलेली पत्रे होती. लोकप्रतिनिधीच्या स्वीय सहायकाकडे पदाच्या कामातून जो कागद जमतो तो जनतेचा अभिलेख आहे, असे मी मानतो. कायद्याने त्याला तसा दर्जा द्यायला हवा. पद गेले की तो रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्याऐवजी ठरलेल्या जागी जमा झाला पाहिजे.

या कागदाचे मोल ज्यांनी मंत्रालयात खेटे घातले आहेत त्यांना चटकन कळेल. नस्तीवर, म्हणजे सरकारी फायलीवर, काय असते? कक्ष अधिकाऱ्याची टिपणी, अवर सचिवाची सही, उपसचिवाचे ‘सहमत’, आणि शेवटी मंत्र्यांचा शेरा. सगळे शिस्तीत खालून वर चढलेले. पण ती नस्ती सहा महिने एकाच टेबलावर का पडून होती आणि एका मंगळवारी अचानक का हलली, ते नस्तीवर कधीच लिहिलेले नसते. ते खाजगी सचिवाच्या डायरीत असते. त्या दिवशी कोण भेटायला आले, कोणाच्या चिठ्ठीवर आले, कोणाचा फोन आला, ‘साहेबांनी सांगितले आहे’ असा निरोप कोणी कोणाला दिला. सरकारी नस्ती निर्णय सांगते आणि सहायकाची डायरी त्या निर्णयाची वाट सांगते. उद्याच्या अभ्यासकाला, पत्रकाराला किंवा न्यायालयाला यातला एकच कागद मिळणार असेल, तर मी म्हणेन डायरी द्या.

दुसरे मोल माझ्या दृष्टीने याहून मोठे आहे. तालुक्याला कुठे काय दुखते, याचा असा नकाशा दुसऱ्या कुठल्या कार्यालयात तयार होत नाही. महसूलवाल्याकडे महसुलाचे येते, वीज कंपनीकडे विजेचे. आमदाराच्या दारात सगळेच येते. रोहित्र जळाले, पाणंद अडवली, पोरीला वसतिगृहात जागा मिळेना, मुंबईच्या इस्पितळात खाट पाहिजे, मुख्यमंत्री सहायता निधीसाठी शिफारसपत्र पाहिजे. २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हाची आमची वही मी पुढे २०१९ च्या पुरानंतर पुन्हा उघडली. पंचनामा झाला नाही म्हणून २००५ मध्ये ज्या गल्ल्यांतून अर्ज आले होते, त्यांपैकी बहुतेक गल्ल्या २०१९ मध्ये पुन्हा पाण्यात होत्या. चौदा वर्षे ही माहिती माझ्या कपाटात बसून होती. पूररेषा, पुनर्वसन, नाल्यांवरची बांधकामे यांबद्दल ज्यांनी निर्णय घेतले, त्यांच्यापुढे ती कधी गेली नाही. जाण्यासाठी वाटच नव्हती.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे आणि महाराष्ट्राने स्वतःचा २००५ मध्ये केला. सरकारी अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. माहितीचा अधिकारही २००५ चाच, आणि त्याच्या चौथ्या कलमातली पहिलीच अपेक्षा अशी की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूची करून, क्रमवार लावून ठेवावेत. कारकुनी शिस्तीतही आपण मागे नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी लिपिकाला सहा गठ्ठे पद्धत शिकवतात. चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे, असे सहा गठ्ठे. कोणता कागद कायम जपायचा आणि कोणता ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचा, याचीही अ, ब, क, ड अशी वर्गवारी ठरलेली आहे.

पण ही सगळी शिस्त तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय, मंत्रालयातला विभाग इथपर्यंत येऊन थांबते. मंत्र्यांच्या दालनात पाऊल टाकले की कागदाचे दोन भाग होतात. विभागाची नस्ती परत विभागात जाते, आणि दालनात जमलेले बाकीचे सगळे ‘साहेबांचे’ म्हणून मंत्रिपद गेल्यावर पेट्यांतून बाहेर पडते. आमदाराच्या कार्यालयात तर विभागही नसतो. तिथे जनमाहिती अधिकारी नाही, अभिलेख कक्ष नाही, हस्तांतराची यादी नाही. आणि असे असूनही आमदाराच्या स्वीय सहायकाचे मासिक मानधन राज्याच्या तिजोरीतून निघते. माझेही तिथूनच निघत होते. तिजोरीतून पगार घेऊन, लोकांच्या अर्जांवर, राजमुद्रेच्या लेटरहेडवर अकरा वर्षे केलेले काम खाजगी कसे ठरते?

मंत्री हे स्वतः ‘सार्वजनिक प्राधिकरण’, म्हणजे माहितीच्या अधिकाराला बांधील, आहेत की नाहीत, हा वाद एकदा थेट केंद्रीय माहिती आयोगापर्यंत गेला होता, आणि तो नेणारा माणूस आपल्या अहमदनगरचा होता. सामान्य नागरिकाने केंद्रीय मंत्र्यांना भेटायचे तर त्यासाठी वेळ कोणती, एवढेच त्याला हवे होते. मार्च २०१६ मध्ये आयोगाने केंद्रातले आणि राज्यांतले मंत्री सार्वजनिक प्राधिकरणे असल्याचे जाहीर केले आणि त्यांच्या कार्यालयात माहिती अधिकारी नेमावेत असे सुचवले. पुढच्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. भेटीची वेळ विचारणाऱ्या माणसाच्या अर्जातून एवढा मोठा प्रश्न उभा राहिला, यातच सगळे आले. मंत्र्याच्या दाराशी जो बसतो, त्याची वही म्हणजे त्या दाराची नोंद. ती पाहण्याचा हक्क नागरिकाला आहे की नाही, हे आपण अजून ठरवलेले नाही.

हे मला जास्त लागते, कारण आपण मराठी माणसे या बाबतीत फार श्रीमंत वारसा घेऊन बसलो आहोत. अठराव्या शतकाबद्दल आपल्याला जे बारीकसारीक ठाऊक आहे, कोणत्या गावाला दुष्काळात किती सूट दिली, कोणत्या शिलेदाराचा पगार किती महिने थकला, शनिवारवाड्यात कोणत्या दिवशी काय खर्च झाला, ते कोणी लिहून ठेवले? पेशव्यांनी नव्हे. फडावरच्या, म्हणजे त्यांच्या कचेरीतल्या, कारकुनांनी. पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे ३५ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. त्यातला मोठा भाग हिशेब, याद्या, आवक-जावक आणि सनदांच्या नकला यांचा. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तेव्हा मराठेशाहीचा इतिहास नव्याने लिहावा लागला. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आज आपल्याकडे आडनावे आहेत, पण मुळात ती कागद आणि हिशेब सांभाळणाऱ्यांची पदे होती. पत्र कोणाला, कोणत्या मायन्याने गेले आणि त्याची नक्कल कोणत्या रुमालात आहे, हे चिटणिसाने सांगायचे. आजच्या खाजगी सचिवाचे काम त्याच जातीचे आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची यादी आपण कापडात बांधून, वाळवी लागू नये म्हणून जपतो, आणि दहा वर्षांपूर्वीच्या आमदाराची वही किलोवर विकतो.

जवळच्या काळातलीही उदाहरणे आहेत. महादेवभाई देसाई १९१७ पासून गांधीजींचे सचिव होते, आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, ते गेले. त्यांची समाधी तिथेच आहे. रोज कोण आले, गांधीजी काय म्हणाले, कोणते पत्र कोणाला गेले, हे त्यांनी पंचवीस वर्षे लिहिले. ती रोजनिशी नसती तर त्या काळातले गांधीजी आपल्याला निम्मेही कळले नसते. यशवंतराव चव्हाण १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा त्यांचे खाजगी सचिव होते राम प्रधान. १९६५ च्या युद्धाच्या दिवसांत चव्हाणांनी स्वतः टिपणे लिहिली होती. ती लोकांसमोर आली ती चार दशकांनंतर, प्रधानांच्या हातून. प्रधान दीर्घायुषी निघाले, सजग होते, लिहिते होते, म्हणून ते घडले. एका राज्याचा, एका युद्धाचा इतिहास कोण किती वर्षे जगतो यावर सोडायचा का?

आता आक्षेपांकडे येतो. माझ्या जुन्या सहकाऱ्यांशी, इतर आमदारांच्या सहायकांशी यावर मी पुष्कळ बोललो आहे, आणि त्यांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप अर्जदारांच्या खाजगीपणाचा. आमच्याकडे बाई येते ती नवरा मारतो म्हणून. बाप येतो तो पोराला नको ती बाधा झाली, गावात कळू देऊ नका म्हणून. कर्ज, आजार, घटस्फोट, गर्भपात, जातीच्या दाखल्यातली अडचण, असे सगळे माणूस त्या टेबलासमोर बसून सांगतो, कारण त्याला वाटते की इथून बाहेर जाणार नाही. त्याचा विश्वास मोडून वही खुली करा असे मी मुळीच म्हणत नाही. मी जपा म्हणतो. जपणे आणि खुले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींत काळ घालता येतो. आपल्या माहिती अधिकाराच्या कायद्यातच वीस वर्षांची रेषा आहे. सुरक्षा, विशेषाधिकार, मंत्रिमंडळाचे कागद असे काही अपवाद सोडले, तर वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींबद्दल माहिती नाकारण्याची बरीच कारणे गळून पडतात. आजारपण आणि कौटुंबिक तक्रारी यांना त्याहून जास्त, पन्नास किंवा साठ वर्षांची मुदत ठेवा. माझी हरकत नाही. आणि हेही सांगतो, कागद रद्दीत गेल्याने खाजगीपण राखले जाते हा भ्रम आहे. आमची बारा पोती ज्या दुकानात गेली, तिथून ते कागद वडे बांधायला बाजारात आले होते. एका कागदावर रुग्णाचे नाव आणि आजार दोन्ही होते. तो मी माझ्या हाताने उचलून घरी आणला.

दुसरा आक्षेप असा की कागद जपला जाणार म्हटल्यावर कुणी लिहिणारच नाही. सगळे तोंडी होईल. याला मी अर्धा होकार देतो. तोंडी कारभाराची चटक सत्तेला नेहमीच असते. आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगापुढे अधिकाऱ्यांमागून अधिकारी येऊन सांगत होते की वरून तोंडी आदेश आला होता. पंतप्रधानांच्या घरून निरोप आला की तो आदेशच, अशी तेव्हाची रीत होती, आणि तो निरोप देणाऱ्यांत पंतप्रधानांचे सहायकही होते. निरोपाचा कागद नसल्यामुळे जबाबदारी कोणावर ठेवायची हेच कळेना. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात स्पष्ट सांगितले की सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, तोंडी सूचना आली तर ती लेखी नोंदवावी. म्हणजे निरोप ज्याला मिळतो त्याच्यावर नोंदीचे बंधन आले. निरोप जो देतो त्याच्यावर मात्र नाही. फोन उचलणाऱ्या उपअभियंत्याने नोंद करायची आणि फोन लावणाऱ्या स्वीय सहायकाने नाही, यात कसला न्याय आहे?

आणि ज्या कार्यालयात नोंद असते, त्या कार्यालयाचा बचावही तीच नोंद करते. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रालयात एक प्रकार उघडकीला आला. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या चौकशीच्या एका नस्तीवर मुख्यमंत्र्यांची सही झाल्यानंतर, सहीच्या वरच्या जागेत कुणीतरी वेगळाच मजकूर घुसवला होता. तो पकडला गेला, कारण मुख्यमंत्री कार्यालयात सही झालेल्या कागदाची स्कॅन केलेली प्रत होती. ती ताडून पाहिली आणि बनाव उघडा पडला. २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा मुख्यमंत्र्यांच्या बनावट सह्या आणि शिक्के असलेली निवेदने सापडली आणि पोलिसांत तक्रार झाली. अशा वेळी दालनातले रजिस्टर हाच पहिला साक्षीदार. प्रामाणिक सहायकाला वहीची भीती वाटायचे कारण नाही. मला कितीतरी वेळा वाटले आहे की साहेबांच्या नावाने परस्पर शब्द टाकणारे चार कार्यकर्ते आहेत, त्यांचा आणि माझा फरक उद्या कोण सांगणार? वहीच सांगणार.

पक्षाचे राजकारण खाजगी असते, हा तिसरा आक्षेप. बरोबर आहे. बूथ कमिट्या, वर्गणी, उमेदवारीची चर्चा यांच्याशी अभिलेखागाराचा संबंध नाही. दोन वह्या ठेवाव्यात. आमच्याकडे दोन होत्याच, एक साहेबांची आणि एक तालुकाध्यक्षांची, आणि कोणती नोंद कुठे जायची याबद्दल अकरा वर्षांत आम्हाला कधी अडचण आली नाही.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा सोडवला, तेही थोडक्यात पाहू. अमेरिकेत अध्यक्षाचे कागद त्याची खाजगी मालमत्ता, असा दीडदोनशे वर्षांचा रिवाज होता. अध्यक्ष निक्सन यांच्या काळात वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशीत त्यांच्या संभाषणाच्या ध्वनिफितीतला साडेअठरा मिनिटांचा भाग पुसलेला सापडला आणि त्यांच्या सचिव रोझ मेरी वूड्स यांना न्यायालयात उभे राहून सांगावे लागले की चुकून आपला पाय पेडलवर पडला असावा, आणि तोही पाचएक मिनिटांपुरताच. एका सचिवाच्या टेबलावर साऱ्या देशाचा सत्यशोध येऊन अडला. १९७८ मध्ये कायदा झाला, अध्यक्षाचेच नव्हे तर त्याच्या जवळच्या कर्मचाऱ्यांचेही कामाचे कागद देशाच्या मालकीचे ठरले. पद सुटल्यावर पाच वर्षांनी लोक ते मागू शकतात, काही बाबी बारा वर्षांपर्यंत बंद राहतात. तिथल्या संसद सदस्यांचे कागद मात्र आजही त्यांचे स्वतःचे. पण ते आपल्या राज्यातल्या विद्यापीठाला द्यायचे अशी चाल पडली आहे, आणि त्या ग्रंथालयांच्या सूचींत नेत्याच्या नावाखाली त्याच्या कार्यकारी सहायकाच्या फायलींच्या पेट्या वेगळ्या मोजलेल्या असतात. सहायकाला इतिहासात स्वतःची पेटी मिळते, हे वाचून मला, एका तालुक्याच्या सहायकाला, खरेच भरून आले.

आपल्याकडे याउलट नेहरूंच्या कागदांचे पाहा. २००८ मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयातून ५१ खोकी कुटुंबाकडे परत गेली, आणि ती कोणाची यावर आज इतक्या वर्षांनी वाद चालला आहे. कोण बरोबर यात मी शिरत नाही. पहिल्या पंतप्रधानांच्या कागदांचीही मालकी आपण वेळीच ठरवली नाही, तर आमदाराच्या सहायकाच्या वहीला कोण विचारणार!

आणि आता तर वहीही राहिलेली नाही. माझ्या जागी आज जो मुलगा बसतो त्याच्याकडे दोन मोबाईल आहेत. अर्जाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, शिफारसपत्राची पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाते, निरोप आवाजी संदेशाने दिला जातो, आणि चोवीस तासांनी संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय चालू केलेली असते. मंत्रालयात ई-ऑफिस आले, नस्ती कोणाच्या खात्यावर किती दिवस आहे ते पडद्यावर दिसते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण नस्ती हलवणारा निरोप त्या मोबाईलमध्ये आहे आणि मोबाईल त्या मुलाच्या खिशात आहे. ब्रिटनमध्ये कोविडच्या चौकशीत हाच पेच आला. चौकशी समितीने माजी पंतप्रधानांचे व्हॉट्सॲप संदेश मागितले, सरकारने आढेवेढे घेतले, आणि जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने ते द्यायला लावले. आपल्याकडे कुणी मागितलेच, तर द्यायला काही उरलेले असेल का?

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा मी तिथे नव्हतो, पण पुढचे वर्षभर त्या आगीची धग आमच्या कार्यालयापर्यंत येत राहिली. वरचे मजले जळाले, माणसे गेली, असंख्य नस्त्या राख झाल्या. मग विभागांकडून विचारणा सुरू झाली, तुमच्याकडे पाठवलेल्या पत्राची प्रत आहे का, जावक क्रमांक आहे का, सोबतची कागदपत्रे आहेत का. आमच्या तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या भूसंपादनाचे प्रकरण आमच्याकडच्या प्रतींवरून पुन्हा उभे राहिले. चौतीस शेतकऱ्यांचा वाढीव मोबदला त्यात अडकला होता. कायद्याच्या नजरेत जो कागद अस्तित्वातच नव्हता, त्याच्या आधाराने सरकारने आपली जळालेली नस्ती पुन्हा बांधली.

मग करायचे काय? राज्याच्या २००५ च्या अभिलेख कायद्यात एक दुरुस्ती पुरेल. राज्याच्या तिजोरीतून ज्याचे वेतन किंवा मानधन निघते अशा प्रत्येक स्वीय सहायकाच्या, खाजगी सचिवाच्या आणि विशेष कार्य अधिकाऱ्याच्या कार्यालयीन नोंदी हा सार्वजनिक अभिलेख समजावा. कार्यकाळ संपल्यापासून साठ दिवसांत याद्यांसह त्या जिल्ह्याच्या ठिकाणी मोहोरबंद जमा व्हाव्यात. मुंबईचे पुराभिलेखागार १८२१ पासूनचे आहे, तिथे आधीच जागा पुरत नाही, म्हणून प्रत्येक जिल्ह्यात एक खोली, एक प्रशिक्षित माणूस आणि दोन स्कॅनर यांची तरतूद व्हावी. खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांचा विकासनिधी मिळतो. त्यातल्या प्रत्येक कामाच्या पाटीवर नाव कोरायला पैसे निघतात, तर ते काम कोणी मागितले होते तो अर्ज जपायलाही निघतील. अर्जदाराला त्याच्या स्वतःच्या अर्जाची आणि त्यावरच्या पत्रांची प्रत मात्र वीस वर्षे न थांबता, मागेल त्या दिवशी मिळाली पाहिजे. कामासाठी वेगळा क्रमांक आणि वेगळा ईमेल द्यावा, तो पदाबरोबर येईल आणि पदाबरोबर परत जाईल. आणि सहायकांना आठ दिवसांचे तरी प्रशिक्षण द्यावे. मला कुणी सहा गठ्ठे शिकवले नव्हते. मी ते तहसीलमधल्या एका निवृत्तीला आलेल्या अव्वल कारकुनाकडून, चहा पाजून, शिकलो.

आमदारांनी आपणहून सुरुवात केली तर कायद्याची वाटही पाहावी लागणार नाही. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाशी किंवा विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाशी करार करायला कोणाची परवानगी लागत नाही. जो पहिला आमदार हे करील त्याच्या कार्यालयात जाऊन मी विनामोबदला महिनाभर बसायला तयार आहे, सूची करून देतो.

उरलेली दोन पोती माझ्या घरी आहेत. अकरा वह्या आणि पुराच्या वर्षाचे अर्ज. दर पावसाळ्याआधी मी ते बाहेर काढतो, उन्हात नाही, सावलीत पसरतो, कडुनिंबाचा पाला घालतो आणि जुन्या धोतराच्या कापडात परत बांधतो. गेल्या वर्षी एक बाई आल्या, नवऱ्याच्या पुनर्वसनाच्या भूखंडासाठी २००९ मध्ये आमच्याकडून पत्र गेले होते, त्याचा जावक क्रमांक हवा होता. कुठल्याच कार्यालयात ते पत्र सापडत नव्हते. मी वही काढली, सप्टेंबरची पाने उलटली आणि क्रमांक मिळाला. त्यांनी तो पिशवीतल्या एका जुन्या पाकिटावर लिहून घेतला आणि वहीला हात लावून नमस्कार केला.